लाईट आली म्हणून सांगितलं

नांदेड, दवाखाना
१४ मार्च २०२४

भागवत,

तुझा फोन परवापासून बंद आहे. मायनं लातूरच्या दालमिलचा पत्ता दिला. तिथं तुझा दोस्त कामाला आहे आणि तू त्याच्याच खोलीवर पडून आहेस म्हणे. फोन करू नको, पोलीस सगळं काढतात, असंही मायच म्हणाली. म्हणून पत्र. वाचून झालं की जाळून टाक.

तुझे दाजी जिवंत आहेत. उजवा हात कोपराच्या वरून काढला. डॉक्टर म्हणाले, खालचा भाग जोडण्यासारखा राहिलाच नव्हता. ते मला सांगायची गरज नव्हती. पाइप दळायच्या ग्राइंडरच्या खालच्या जाळीतून जे पडलं ते मीच घमेल्यात गोळा केलं होतं. काळ्या पाइपाच्या चुऱ्यात मिसळलं होतं सगळं. कुठलं काय, निवडता येत नव्हतं.

जमादार येऊन गेला. मी सांगितलं, मशीनच्या तोंडाला, हॉपरमध्ये ठिबकची नळी गुंतली, लाईट गेलेली होती, स्टार्टर ऑटोवरच राहिला, दाजींनी नळी काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट येऊन मशीन आपोआप सुरू झाली. त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. तू शेडवर नव्हतास. मंगळवारी सकाळच्याच गाडीनं लातूरला गेलास, असं म्हण. माय पण तेच सांगणार आहे.

गावाकडं येऊ नको.

एकच विचारते. हिरवं बटन दाबताना तुला त्यांचा हात दिसत होता का?

तुझी अक्का,
सुकन्या


शेडवर
५ एप्रिल २०२४

भागवत,

तुझी चिठ्ठी मायनं वाचून दाखवली. माझ्या हातात दिली नाही. 'जे झालं ते झालं, अक्काला म्हणाव तोंड संभाळ.' एवढंच. मी विचारलेल्याचं उत्तर नाही.

दाजींना घरी आणलं. दिवसभर शेडसमोरच्या बाजेवर बसतात. हात नाही तिथं खाज सुटते म्हणतात. बोटं दुखतात, अंगठा वाकडा झाल्यासारखा वाटतो. मी काय करू? नसलेला अंगठा सरळ कसा करून देऊ?

परवा जेवताना एकदम थांबले. म्हणाले, "सुकन्या, मी लाल बटन दाबलं व्हतं ना गं?"

मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

"मला तं दाबल्यावाणी आठवतंय. पट्टा थांबल्याचा आवाज बी आला व्हता. मंग म्या झाकण उघडलं."

मी म्हणाले, "न्हाई हो. लाईट गेल्यामुळं थांबली मशीन. तुम्ही बटन दाबलंच न्हाई. इसरलात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "हाव, इसरलो असंन." मग डाव्या हातानं घास उचलायला गेले, तो सांडला. स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली त्यांनी. दोनदा. "कसा इसरलो मी? पाच वर्सं झाली मशीन चालवून राहिलो, कसा इसरलो?"

भागवत, माणसाचा हात तोडून वर त्यालाच सांगायचं की तुझीच चूक आहे. हे मी केलं. तुझ्यासाठी.

शेड बंद आहे. बांधाबांधावर लोक पुन्हा वापरून झालेला मल्चिंगचा प्लास्टिक पेपर पेटवून राहिलेत. काल पाच ठिकाणी काळा धूर होता. दाजींनी मोजला. ह्याच धुरापायी त्यांनी हा धंदा सुरू केला होता, तुला आठवत असेल. सोयरीक जमवायला आले तेव्हासुद्धा आपल्या बाबांना तेच समजावून सांगत बसले होते, की जुन्या नळीपासून नवी नळी होते, जाळू नका. बाबा मला म्हणाले होते, पोरगं येडं हाय पण नेक हाय.

अक्का


शेडवर
२९ मे २०२४

भागवत,

आज निजामचाचा दाजींना भेटायला आले होते. अजून पाय ओढतच चालतात. समोरचे चार दात नाहीत, त्यामुळं काय बोलतात ते नीट ऐकावं लागतं. दाजींसाठी मोसंबी आणली होती. दोघं बाजेवर शेजारी बसले, एकाला हात नाही, एकाला दात नाहीत. चाचा सोलत होते आणि दाजी खात होते.

मी चहा घेऊन गेले तर चाचा दाजींकडं बोट करून म्हणाले, "बेटी, तू फिकर मत कर. मैं माल लाता. शिवम बैठके हुकूम करना, बस."

मला तिथं उभं राहवेना.

ज्या दिवशी त्यांना मारलं तो दिवस तुला आठवतो का? मला सगळा आठवतो. रविवार होता, दुपारचे बारा वाजले असतील. चाचा नेहमीसारखे तीनचाकी घेऊन जुनं प्लास्टिक घ्यायला गावात आले होते. सटवाजीकाकाच्या दोन एकर टरबुजाच्या नळ्या कुणी तरी कापून नेल्या होत्या, वेल फुलावर असताना वाळून गेले होते, आणि काकाची पोरं दहा-बारा दिवस चोर हुडकत होती. बसथांब्यावरच्या लिंबाखाली त्यांनी तीनचाकी अडवली. आत कापलेली नळी निघाली. भंगारवाल्याच्या गाडीत नळी निघणार नाही तर काय निघणार? पण कुणी विचारलंच नाही. आधी चपलांनी मारलं, मग बैलगाडीच्या खुट्यानं. चाचा हात जोडून, "अरे सुनो तो, सुनो तो" म्हणत होते. कुणी तरी त्यांच्याच गाडीतली नळी काढली, दुहेरी केली आणि तिनं त्यांच्या तोंडावर फटके मारले. सपासप आवाज येत होता. रक्त दाढीतून सदऱ्यावर आलं तरी तो मारणारा थांबेना.

तो तू होतास, भागवत. चोरी तू केलीस आणि चोर म्हणून त्यांना सगळ्यात जास्त तूच मारलंस.

मी पिठाच्या गिरणीसमोर उभी होते. माझ्या डोक्यावर डबा होता. मी ओरडले नाही.

तू शेडवर विकायला आणलेल्या पहिल्या खेपेच्या वेळीच मी ओळखलं होतं. जुनी नळी कडक असते, पांढरट पडते, क्षार धरते. तू आणलेली मऊ होती, ओल्या मातीची होती, आणि तिच्या फुटक्या जागांवर सायकलच्या ट्यूबच्या लाल पट्ट्या बांधलेल्या होत्या. तालुक्यात अशा पट्ट्या फक्त सटवाजीकाका बांधतात. दाजी तेव्हा लातूरला माल पोचवायला गेले होते. मी काय केलं? ते यायच्या आत तुझा सगळा ढीग स्वतः मशीनमध्ये घातला. पट्ट्या चुलीत घातल्या. पाठचा भाऊ आहे, चुकला असेल, पुन्हा करणार नाही, असं मनाला सांगितलं. तू पुन्हा आणलंस. मी पुन्हा घातलं.

मी दाजींना खरं सांगणार आहे. आधी तुला कळवते, एवढ्यासाठी हे पत्र. तू स्वतः ठाण्यात हजर झालास तर बरं. आठ दिवस वाट बघते.

अक्का


शेडवर
१७ जून २०२४

भागवत,

माय म्हणाली, तुझ्या जबड्याला तार बांधली आहे आणि तू पातळ वरणावर आहेस. पत्र वाचता तर येतं ना? मग वाच. त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिणार आहे, कारण मी तुला का मारलं ते मायला तू वेगळं सांगितलंस आणि मी पण खरं सांगितलं नाही.

मी दिलेले आठ दिवस उलटून गेले, तरी माझी जीभ उचलेना. तेवढ्यात तू आलास. भर दुपारी. सोबत माय. दाजी घरात झोपले होते. मी शेडमध्ये फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुवून राहिले होते. तू आधी पाया पडलास. रडलास. मी म्हणाले, "उठ, ठाण्याला चल, मी येते सोबत." तसा तू उठलास आणि माझी वेणी धरलीस.

लहानपणी पण तू वेणीच धरायचास. पण हे तसं नव्हतं. मला ओढत मशीनजवळ नेलंस, माझं तोंड हॉपरच्या कडेवर आपटलंस. भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं म्हणून मला नुसतं लाल दिसत होतं. तू म्हणत होतास, "सांगतीस? सांग, सांगतीस का?" आणि माय शेडच्या दारात उभी राहून म्हणत होती, "हळू बोला रे, शिवम उठंल." माझं तोंड फुटत होतं आणि तिला आवाजाची काळजी.

मग दाजी आले. उंबऱ्यावर उभे राहिले. त्यांना बघून तू मला सोडलंस, आणि माझ्याकडं बोट करून बोललास, "इचारा तिला दाजी! म्या दाबलं बटन, हाव, दाबलं. पण मला बोलावलं कुणी? तिनं फोन केला. सटवाजीकडं निघालेत, कसं बी करून थांबव म्हणली. कसं बी करून! हे तिचे शब्द हायेत."

तेव्हा माझा हात बाकावरच्या मोठ्या पान्यावर गेला.

मायला वाटतं मी दाजींच्या हाताचा सूड घेतला. गाव पण तेच म्हणतं, बाई वाघीण आहे म्हणतं. खोटं आहे. मला तुझं तोंड बंद करायचं होतं. पहिला फटका जबड्यावर बसला, हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. तू पडलास. तरी मी थांबले नाही. खांद्यावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं. तू पोटात पाय घेऊन 'अक्का, अक्का' करत होतास आणि मी मारत होते. तू मेला असतास. मला ते चाललं असतं, भागवत. त्या घडीला मला ते चाललं असतं.

दाजींनी मला मागून धरलं. मला थांबवायला त्यांच्याकडं एकच हात होता. मी झटकून दिलं तर ते पडले, उठले, पुन्हा धरलं. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले, पाना त्यांच्या खांद्याला लागता लागता राहिला. तेव्हा मी थांबले.

माय तुला रिक्षात घालून घेऊन गेली. दाजींनी माझ्या भुवईला फडकं बांधलं. दातात एक टोक धरून गाठ मारली. मग विचारलं, "फोन केलता?"

"केलता."

"कधी?"

मी सगळं सांगितलं. हात गेला त्या मंगळवारी ढिगात लाल पट्टी त्यांना सापडली. ते म्हणाले, निजामचाचाला उगंच मारलं, मी आत्ताच सटवाजीकाकाकडं जातो. मी हौदाच्या मागं जाऊन तुला फोन केला. तू गाडीवर आलास. वाद झाला. ते म्हणाले, मशीनमधली नळी काढून ठेवतो आणि निघतो, तू आडवं येऊ नको. लाल बटन दाबलं. झाकण उघडलं. त्यांनी लाल बटन दाबलं होतं, हे मी त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ते ऐकून ते मटकन खाली बसले आणि पहिल्यांदा रडले. हात गेला तेव्हा रडले नव्हते.

आणि तू दाबण्याआधी माझ्याकडं बघितलंस, हेही सांगितलं. तू स्टार्टरवर हात ठेवून माझ्याकडं बघत होतास. मला कळलं होतं तू काय करणार आहेस. "थांब" म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ होता.

दाजी म्हणाले, "त्यानं दाबलं, त्याचं तो भोगंल. तुझं तू सांग. पोलिसाला, निजामचाचाला. मी कुणाला सांगणार न्हाई."

त्या दिवसापासून ते शेडमध्ये झोपतात. जेवायला येतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

उद्या मी भोकर ठाण्याला जाणार आहे. तुझा लातूरचा पत्ता लिहून देणार आहे. पळायचं तर पळ. मी तुला पळ म्हणत नाही, आणि लपवूनही ठेवत नाही.

सुकन्या


शेडवर
१० डिसेंबर २०२५

भागवत,

हे पत्र जेलमध्ये तुला देण्याआधी साहेब लोक वाचतात म्हणे. वाचू दे.

काल कोर्टात तू माझी साक्ष ऐकलीसच. दीड वर्षानं तुला बघितलं. जबडा जरा वाकडाच बसला आहे. सरकारी वकिलानं विचारलं, बटन कुणी दाबलं, तेव्हा मी तुझ्याकडं बोट केलं. तू खाली बघितलंस. त्या लातूरच्या पत्त्यावर पोलीस आले तेव्हा तू पळाला नव्हतास, बाहेर पायरीवर बसला होतास, असं मला जमादारानं सांगितलं होतं. बोट वर करताना ते माझ्या ध्यानात होतं. तरी केलं.

तुझा वकील हुशार आहे. म्हणाला, "बाई, तुम्हाला चोरी कधीपासून माहीत होती?"

"दाजींचा हात जायच्या तीन आठवडे आधीपासून."

"म्हणजे निजामोद्दीनला गावानं मारलं तेव्हा माहीत होती?"

"होती. मी तिथंच उभी होते."

त्याला मला खोटं पाडायचं होतं. पण खोलीत मागच्या बाकावर निजामचाचा बसले होते. त्यांची साक्ष सकाळीच झाली होती, निघून जाता आलं असतं. माझ्यासाठी थांबले होते, मला धीर यावा म्हणून. दाजींनी त्या दिवशी सांगितल्यावर मी ठाण्यात सगळं लिहून दिलं, पण चाचाला सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी टाळलं. दीड वर्ष ते आठवड्यातून दोनदा माल आणून टाकत होते. मला बेटी म्हणत होते. दाजी डाव्या हातानं मशीन चालवायला शिकले ते चाचांच्याच जोरावर. प्रत्येक खेपेला वाटायचं, आज सांगू. आणि मी चहा टाकायची.

काल तुला पोलीस गाडीत घालून नेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मायनं मला मारलं. सगळ्यांदेखत. एक कानफटात, मग चप्पल काढून. "भावाला खाल्लंस, आता दुसरं काय खाशील!" मी मार खाल्ला. वकील लोक बघत होते, एक पोलीसबाई पुढं आली. दाजींनी मायचा हात धरून बाजूला नेलं, पायरीवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. माय पाणी प्याली आणि बाटली त्यांच्याच अंगावर फेकली.

चार वाजताची भोकर गाडी मिळाली. गर्दी नव्हती. दाजी माझ्या शेजारी बसले. दीड वर्षात पहिल्यांदा शेजारी बसले. चाचा समोरच्या सीटवर, पाठमोरे.  भोकर जवळ आलं तेव्हा ते वळले.

"बेटी, वो दिन तू वहाँ खडी थी?"

"हाव."

"मेरेकू मार रहे थे तब?"

"हाव, चाचा."

"और तेरेकू मालूम था, मैं चोर नहीं करके?"

मी म्हणाले, "मालूम होतं."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. डोळ्यात राग असता तर मला सोसलं असतं. ते चेहरा नीट बघून घेत होते, कधी पाहिलेलाच नाही असा. मग उठले, दांड्याला धरून पुढं गेले आणि कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. भोकर अजून सहा-सात किलोमीटर होतं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, इथं कुठं? पुढं गाडी न्हाई तुमाला." ते उतरले. ओढून चालतात तोच पाय आधी टाकला.

गाडी हलली आणि दाजी उठले. त्यांनी घंटीची दोरी ओढली. मला काही सांगितलं नाही. खाली उतरून मागं पळत गेले. एका हातानं पळताना तोल जातो त्यांचा, तिरके तिरके पळतात. मागच्या काचेतून मला दिसलं, चाचा थांबले नाहीत, दाजी त्यांच्या बाजूला पोचले आणि त्यांच्या चालीनं चालायला लागले. मी पण उतरायला उठले होते. मग बसले. त्या दोघांसोबत मी कोणत्या तोंडानं चालणार होते?

घरी येऊन भाकरी टाकल्या. दिवस मावळून बराच वेळ झाल्यावर दाजी आले. पाय धुतले, जेवायला बसले.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"भोकरपोतर संगंच चाललो. मंग म्हणले, मशीन बंद पाडू नको. तुझा धंदा, माझा बी धंदा."

"आन् माझं?"

दाजींनी भाकरी गुडघ्याखाली दाबून मोडली. "गुरवारी माल घेऊन यीन म्हणले. पण तू शेडमधी नसताना."

मग ते बाहेर गेले, शेडमधली वाकळ उचलून आणली आणि ओसरीवर टाकली. घरात नाही. ओसरीवर.

मंगळवारची खेप कोर्टामुळं राहिली, ती उद्या गुरुवारी यायची आहे. चाचा दहाला येतात. मी नऊलाच तुरीच्या शेतात जाईन, आणि तीनचाकी परत गेल्याचा आवाज ऐकल्याशिवाय येणार नाही. इथून पुढं असंच.

अक्का